घर विकताना: सजवून दाखवावं की नुसतं आवरून?

घर विकायला काढलं की कोणी ना कोणी सुचवतंच, 'स्टेजिंग करून घ्या, लवकर जाईल.' स्टेजिंग म्हणजे बघायला येणाऱ्यांसाठी घर फर्निचर लावून सजवणं. नाहीतर आहे तेच घर नुसतं आवरून दाखवायचं. मी दोन्ही प्रकार केले आहेत. एक घर रिकामंच होतं. ते भाड्याचं फर्निचर आणून, या कामातल्या लोकांकडून सजवून घेतलं आणि विकलं. दुसरं आम्ही राहत असताना विकलं, तेही आमचंच निम्मं सामान बाहेर काढून. दोन्ही विकली गेली, त्यामुळे एखादी पद्धत कुचकामी आहे असं मी म्हणणार नाही. पण पुन्हा वेळ आली तर मी कुठल्या बाजूला जाईन, ते ठरलेलं आहे.

आधी स्टेजिंगची बाजू. ही कल्पना काही आजची नाही. अमेरिकेत बार्ब श्वार्झ या इस्टेट एजंट बाईंनी १९७० च्या दशकात ती रुजवली असं मानलं जातं. ती टिकली यालाही कारण आहे. पलंग नसलेली बेडरूम पाहून, पलंग लावल्यावर कपाटाचं दार पूर्ण उघडेल का, हे बहुतेकांना सांगता येत नाही. शिवाय रिकाम्या घरात नजरेला दुसरं काही सापडत नाही, मग ती खिळ्यांच्या भोकांवर आणि स्विचबोर्डाभोवतीच्या काळपट डागांवर जाऊन बसते. फोटोंच्या बाबतीत तर सजवलेलं घर सरळ पुढे आहे. हल्ली पहिली भेट फोनवरच होत असल्यामुळे ही बाजू हलकी समजू नका.

पण किमतीचं काय? अमेरिकेतल्या नॅशनल असोसिएशन ऑफ रिअल्टर्स या इस्टेट एजंटांच्या संघटनेच्या २०२३ च्या पाहणीत, घेणाऱ्यांच्या बाजूने काम करणाऱ्या ८१ टक्के एजंटांनी सांगितलं की सजवलेल्या घरात 'आपण इथे राहू' हे चित्र गिऱ्हाइकाला सहज दिसतं. ते मला पटतं. मात्र चित्र दिसणं वेगळं आणि जास्त पैसे मोजणं वेगळं. अमेरिकेतच झालेल्या, २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात एकच घर भिंतींचा रंग आणि फर्निचर बदलून लोकांना संगणकावर फिरवून दाखवलं होतं. चांगल्या फर्निचरमुळे घर राहायला छान वाटलं, पण लोक देऊ करत असलेल्या किमतीत म्हणावा असा फरक पडला नाही. माझा अनुभव या दुसऱ्या गोष्टीच्या जवळ जातो. सजवलेलं घर बघायला माणसं जास्त आली, हे नक्की. आकडा मात्र आसपासची घरं ज्या भावाने जात होती, त्याच भावात येऊन थांबला. दोन घरांवरून नियम मांडता येत नाही, हे कबूल.

माझं मन फिरलं ते दुसऱ्याच कारणाने. फर्निचर भाड्याचं असतं. सुरुवातीचा ठरावीक काळ करारात धरलेला असतो, आणि त्यात घर गेलं नाही तर पुढे महिन्याच्या हिशेबाने भाडं सुरू होतं. कागदावर ही रक्कम घराच्या किमतीपुढे किरकोळ दिसते. पण ती तारीख जवळ आली की घरातलं बोलणं बदलतं. एक गिऱ्हाईक भावात घासाघीस करत होतं, माणसं समंजस होती, थोडं थांबलो असतो तर वर आली असती असं मला आजही वाटतं. पण तेवढ्यात मुदत संपत आली. भाडं आणखी एक महिना भरायचं की आहे तो आकडा घ्यायचा, असा विचार आम्ही करू लागलो. म्हणजे घराची किंमत एका सोफ्याच्या भाड्यावरून ठरायला लागली! विकणाऱ्याच्या हातात जे एकच खरं हत्यार असतं, सावकाशीचं, तेच आम्ही पैसे देऊन बोथट करून घेतलं होतं. इतर सगळ्या गैरसोयी मी सोसल्या असत्या, ही नाही.

त्यातच एक लहानशी गोष्ट. सजवणाऱ्यांनी आणलेला पलंग नेहमीच्या मापापेक्षा आखूड होता, खोली मोठी दिसावी म्हणून. बघायला आलेल्या एका बाईंनी पर्समधून टेप काढली आणि खोली न मोजता आधी पलंग मोजला. मग नवऱ्याकडे पाहिलं. त्यानंतर त्यांनी घरातली प्रत्येक गोष्ट संशयानेच पाहिली, अगदी खऱ्या गोष्टीसुद्धा.

आवरून दाखवण्यात कष्ट जास्त आहेत, हे लपवत नाही. राहत्या घरात रोज सकाळी ओटा कोरडा करून निघायचं, ओले टॉवेल दिसू द्यायचे नाहीत, मुलांची दप्तरं जागेवर. कंटाळा येतो. पण निम्मं सामान हलवलं की निम्मं काम झालंच. कपाटं विसरू नका. लोक ती हमखास उघडतात, आणि ठासून भरलेलं कपाट पाहिलं की या घरात जागा पुरत नाही असाच अर्थ काढतात. आम्ही प्रत्येक खण थोडा मोकळा ठेवला होता. वाचलेले पैसे गळक्या नळावर, कुरकुरणाऱ्या बिजागऱ्यांवर आणि हलक्या एकाच रंगावर घातले. हे काम घेणाऱ्याकडेच राहतं, परत टेम्पोत भरून जात नाही, त्यामुळे त्याबद्दल बोलतानाही बरं वाटतं. पलंग आमचाच, खऱ्या मापाचा. ज्याला टेप लावायची त्याने लावावी.

फोटोत संगणकावर फर्निचर भरण्याचाही पर्याय आहे, आणि तो सर्वांत स्वस्त. फोटोखाली तसं स्पष्ट लिहिलंत तर गैर काही नाही. फक्त दार उघडल्यावर समोर मोकळी फरशी दिसते आणि माणसाचा चेहरा उतरतो, त्याची तयारी ठेवा.

तुमचं घर रिकामं असेल, तुम्ही दूर राहत असाल आणि रोज जाऊन झाडलोट करणं शक्य नसेल, तर स्टेजिंगला मी नाही म्हणणार नाही. अशा वेळी अख्खं घर सजवू नका. हॉल आणि मोठी बेडरूम पुरे होते. फर्निचर खऱ्या मापाचं मागा. आणि मुदत संपल्यावर भाडं महिन्याने न लागता आठवड्याने लागेल, हे सही करण्याआधी करारात घालून घ्या.