मारिओ कार्ट ८ डिलक्स: ग्रुपात एक उस्ताद आणि बाकीचे नवखे असतील तर?

निन्टेंडोच्या ह्या रेसिंग गेमचे रिव्ह्यू ढिगाने आहेत. ग्राफिक्स भारी, ट्रॅक भारी, म्युझिक भारी, सगळं मान्य, त्यात मी काय नवीन घालणार. मी फक्त एकाच गोष्टीसाठी लिहितेय. चार दोस्त खेळायला बसलेत, त्यातल्या एकाला रेसिंग गेम्सचं याड लागलेलं, दोघं बरेपैकी, आणि चौथी अशी की ब्रेकचं बटन कुठलं हे विचारता विचारताच भिंतीला घासतेय. अशा ग्रुपात हा गेम चालतो का? म्हणजे तासाभराने चौघांच्याही हातात कंट्रोलर असतो, की ती चौथी "तुम्ही खेळा रे, मी बघते" करून मोबाईल काढून बसते?

रेसिंगमध्ये हा प्रॉब्लेम जास्तच बेक्कार आहे कारण इथे फरक साठत जातो. मारामारीच्या गेममध्ये हरलात तर मिनिटभरात नवीन राऊंड, दोघंही परत सारखे. रेसमध्ये लॅपला पाच सेकंद मागे पडलात की तिसऱ्या लॅपच्या शेवटी पंधरा सेकंद मागे, पुढचा दिसत नाही, मागे कोणी नाही, नुसती गाडी हाकायची आणि कधी संपतंय याची वाट बघायची. आणि खरं सांगायचं तर पुढच्यालाही काय मजा येते, तोही एकटाच पळतोय की.

आधी जे जमलंय ते सांगते. मूळ गेम २०१४ चा, निन्टेंडोच्या वी यू कन्सोलवरचा, डिलक्स त्यांच्याच स्विचवर आला २०१७ ला आणि येताना एक फार कामाची गोष्ट घेऊन आला, स्मार्ट स्टिअरिंग. हे ऑन असलं की गाडी ट्रॅकच्या कडेला जायला लागली की गेम स्वतःच तिला आत वळवतो, खड्ड्यात पडणं जवळपास बंद. सोबत ऑटो ॲक्सिलरेट पण आहे, गॅस दाबून धरायची गरज नाही. दोन्ही लावून अगदी लहान पोरगं पण रेस पूर्ण करतं. आणि मला सगळ्यात आवडलेला भाग म्हणजे हे प्रत्येकाला वेगवेगळं लावता येतं, गाडी निवडताना प्लसचं बटन दाबायचं की झालं, रेस चालू असताना पॉज करून पण बदलता येतं. ज्याचं ऑन आहे त्याच्या गाडीला मागे छोटी अँटेना दिसते, त्यामुळे लपवाछपवी नाही, सगळ्यांना दिसतंय कोणाला मदत चालू आहे. सुरुवातीला थोडी चिडवाचिडवी होते अँटेनावरून पण ती दोन रेसमध्ये संपते.

ह्याची किंमत पण लावलीये त्यांनी आणि ती मला बरोबर वाटते. स्मार्ट स्टिअरिंग ऑन असेल तर काही शॉर्टकट घेता येत नाहीत, गेम तुम्हाला तिकडे जाऊच देत नाही, आणि ड्रिफ्ट करताना, म्हणजे वळणावर गाडी घसरवत नेताना, आधी निळ्या मग केशरी मग गुलाबी ठिणग्या येतात त्यातली शेवटची गुलाबी मिळत नाही, म्हणजे वेगाचा सगळ्यात मोठा झटका, बूस्ट, गेला. त्यामुळे जिला खेळ जमायला लागतो तिला एक दिवस स्वतःलाच वाटतं की आता हे बंद करून बघू. कोणी सांगावं लागत नाही.

पण हे झालं खड्ड्यात न पडण्यापुरतं. स्मार्ट स्टिअरिंगने तुम्ही पडत नाही, फास्ट होत नाही. उस्ताद तरी अर्ध्या ट्रॅकने पुढेच.

आता आयटम, म्हणजे ट्रॅकवरच्या डब्यांतून मिळणाऱ्या वस्तू, कधी दुसऱ्याला पाडायला, कधी स्वतः पुढे सटकायला. लोक म्हणतात मारिओ कार्टमध्ये आयटममुळे सगळे सारखे होतात, आणि इथे माझं मत जरा वेगळंय. ह्या गेममध्ये पहिल्या नंबरच्या गाडीपासून तुम्ही किती लांब आहात त्यावर डब्यातून काय निघणार ते ठरतं. पहिला असाल तर कॉइन, केळं, हिरवं कवच असला किरकोळ माल, खूप मागे असाल तर स्टार (थोडा वेळ वेग वाढतो आणि काही लागत नाही), बुलेट बिल (रॉकेट होऊन आपोआप पुढे नेतं), वीज (बाकी सगळ्यांना छोटं आणि मंद करते). ऐकायला न्याय्य वाटतं. पण मदत मिळतेय ती जागेला, माणसाला नाही. मागे जो कोणी असेल त्याला. म्हणून मुरलेले खेळाडू ऑनलाईन मुद्दाम मागे रेंगाळतात, चांगले आयटम गोळा करतात आणि शेवटच्या लॅपला स्टार लावून गवतातून शॉर्टकट मारत सुसाट पुढे निघून जातात. बॅगिंग म्हणतात त्याला. म्हणजे नवख्यांसाठी ठेवलेली मदत परत उस्तादाच्याच खिशात. नवखीला तोच स्टार मिळाला तर ती त्यातला अर्धा वेळ वळणाच्या भिंतीला टेकून घालवते.

ब्लू शेलचं तर विचारूच नका. पहिल्याला शोधून उडवणारं हे निळं कवच मारिओ कार्ट ६४ पासून चालत आलंय, १९९६ पासून, आणि सगळ्यांना वाटतं हे उस्तादाला खाली खेचायला आहे. नीट बघा मात्र काय होतं. उस्तादाला लागलं तर तो दोन वळणांत परत पहिला, ड्रिफ्ट येतंय ना त्याला. शिवाय त्याच्याकडे सुपर हॉर्न हा भोंगा असेल तर कवच फोडतो, वेग देणारा मशरूम असेल तर नेमक्या वेळी दाबून सटकतो, आणि काहीच नसेल तर मॅपवर कवच येताना बघून हळूच ब्रेक मारतो आणि दुसऱ्याला पुढे जाऊ देतो. आता तो दुसरा कोण? बरेचदा तीच आपली नवखी, जी आयुष्यात पहिल्यांदा पहिल्या नंबरवर आली, "अरे मी पहिली मी पहिली" ओरडतेय, आणि धडाम. मागून सहा जण निघून गेले, परत सातवी. उस्तादाला ब्लू शेल म्हणजे दोनतीन सेकंदांचा दंड, तिच्यासाठी रेसच गेली. दोघांना सारखंच लागलं पण सावरायची ताकद सारखी नाही, हा साधा हिशोब ब्लू शेलच्या बाजूने बोलणाऱ्यांच्या डोक्यात का येत नाही कळत नाही.

बरं ह्यावर इलाज गेममध्येच आहे आणि लोकांना माहीत नसतो. डिसेंबर २०२२ च्या अपडेटमध्ये कस्टम आयटम आले. व्हीएस रेसमध्ये, म्हणजे आपापसातल्या साध्या रेसमध्ये, कुठले आयटम येणार ते तुम्ही ठरवायचं. तर ब्लू शेल आणि वीज काढून टाका, मशरूम, स्टार, बुलेट बिल ठेवा, पुढच्या गाडीला जाऊन लागणारं लाल कवच पण ठेवा नाहीतर पुढच्याला अगदीच मोकळं रान. म्हणजे भर मागच्याला ढकलण्यावर, पुढच्याला पाडण्यावर नाही. एवढ्या एका बदलाने भांडणं निम्मी होतात, हे मी छातीठोक सांगते.

दुसरी सेटिंग कॉम्प्युटरच्या गाड्यांची. बरेच जण त्यांना हार्डवर ठेवतात कारण उस्ताद म्हणतो इझीवर मजा नाही. अरे पण तुझी मजा त्यांच्याशी कुठे आहे, तू तर सगळ्यांच्या पुढे आहेस! कॉम्प्युटर इझीवर असला की नवखीच्या आजूबाजूला गाड्या राहतात, तिला ओव्हरटेक करायला कोणीतरी मिळतं, मागे कोणीतरी असतं. बारावी येणं आणि आठवी येणं ह्यात जमीन अस्मानाचा फरक आहे राव, हरलेलंच असलं तरी.

तिसरं म्हणजे टीम. लाल आणि निळी टीम, पॉइंटची बेरीज. पहिल्याला १५, दुसऱ्याला १२, तिसऱ्याला १०, मग एकेक कमी होत बाराव्याला १. उस्ताद आणि नवखी एका टीममध्ये पडले की सगळं वातावरणच बदलतं, कारण ती नववीवरून सातवी आली तर टीमला दोन पॉइंट जास्त आणि तेवढ्यावर सामना फिरू शकतो. उस्ताद स्वतःच शिकवायला लागतो, "आता उडी मार, धरून ठेव, सोड". हे बाकी कुठल्या सेटिंगने होत नाही.

सीसीबद्दल, म्हणजे रेसच्या वेगाच्या पातळीबद्दल, थोडक्यात, नवखे असताना २०० ला हात लावू नका, तिथे ब्रेक मारायला लागतो आणि अर्धी रेस खड्ड्यात जाते. १०० ठीक.

आणि इथेच ह्या गेमची मोठी खोट येते. सीसी सगळ्यांना एकच. उस्तादाला १०० आणि नवखीला १५० असं काही नाही. आयटमचं सेटिंग पण सगळ्यांना मिळून एकच. म्हणजे स्मार्ट स्टिअरिंग माणसागणिक देऊन दाखवलं ना, मग वेगाचं का नाही? उस्तादाला फार तर सांगू शकता की बाबा तू जड कॅरेक्टर आणि घसरणारे स्लिक टायर घे, ॲक्सिलरेशन कमी असल्यामुळे त्याला धक्का लागला की वेळ जातो. पण तो धक्का खातच नाही, त्यामुळे टॉप स्पीड वाढून उलटा फायदाच होतो.

दुसऱ्यांनी हे केलेलं आहे म्हणून जास्त खटकतं. सुपरटक्सकार्ट नावाचा फुकट, ओपन सोर्स गेम आहे, दिसायला मारिओ कार्टच्या जवळपासही नाही, पण त्यात एकाच स्क्रीनवर खेळताना कार्ट निवडतानाच एखाद्या खेळाडूला हँडिकॅप लावता येतो आणि त्याची गाडी मंदावते. साधं, उघड, कोणाला लावलाय ते नावासमोर दिसतं. ग्रॅन टुरिझमो ७ मध्ये तर उस्तादाच्या गाडीत बॅलास्ट म्हणजे जादा वजन टाका, पॉवर रिस्ट्रिक्टर लावून इंजिनची ताकद कमी करा, सगळं करता येतं, आणि लॉबीत, म्हणजे ऑनलाईन एकत्र जमायच्या रूममध्ये, बूस्ट नावाची सेटिंग पण आहे जी मागे पडलेल्या गाड्यांना वेग देते. बूस्ट मला पटत नाही, तो परत जागेला मदत करतो, रबर बँडसारखा, मग पहिल्या दोन लॅपना जोर लावायचा कशाला. वजन मात्र पटतं. खऱ्या रेसिंगमध्ये पण हेच करतात, जपानच्या सुपर जीटीमध्ये पॉइंट कमावले की पुढच्या रेसला गाडीत वजन चढतं, आणि तिथे त्याची कोणाला लाज वाटत नाही, उलट वजन घेऊन जिंकलो हीच फुशारकी. आपल्या ग्रुपातल्या उस्तादाला फक्त असं विकायचं. तरी ग्रॅन टुरिझमो नवख्यांना बसवायला अवघडच, ब्रेक कधी मारायचा हे कळेपर्यंत माणूस कंटाळतो.

वेगळाच मार्ग ट्रॅकमेनियाचा. तिथे गाड्या एकमेकांना लागतच नाहीत, आरपार जातात, गाडी सगळ्यांना एकच, ट्रॅक छोटे, चुकलं की बटन दाबून लगेच पहिल्यापासून. ब्राँझ, सिल्व्हर, गोल्ड, ऑथर अशी मेडल्स असतात, तर तुम्ही ठरवायचं की हिला सिल्व्हर मिळालं आणि त्याला ऑथर मिळालं तर दोघं बरोबरीत. झकास चालतं हे. फक्त धक्काबुक्की नाही, त्यामुळे आरडाओरडा जरा कमी.

आणि जुन्या लोकांना मायक्रो मशीन्स आठवत असेल, १९९१ चा. सगळे एकाच स्क्रीनवर, जो मागे पडून स्क्रीनबाहेर गेला त्याच्यावर पॉइंट आणि परत सगळ्यांना एकत्र उभं करायचं. फरक साठायलाच जागा नाही! एवढी साधी आयडिया तेव्हा सुचली होती, आणि आता चौघांना चार चौकोन देतात आणि प्रत्येक जण आपापल्या चौकोनात एकटा.

नवीन मारिओ कार्ट वर्ल्ड घ्यावा का म्हणाल तर ह्या कामासाठी मी डिलक्सच म्हणेन. वर्ल्ड २०२५ चा, स्विच २ वरच चालतो, २४ गाड्या असतात त्यामुळे मधल्या गर्दीत नवख्यांना मजा येते हे खरं, पण त्यातला नॉकआउट टूर मिश्र ग्रुपात लावू नका, प्रत्येक टप्प्याला शेवटचे चार बाहेर, म्हणजे ज्याला सगळ्यात जास्त खेळायची गरज आहे तोच सगळ्यात आधी बाहेर बसतो. नेमकं उलटं.

एक तक्रार राहिली, तिघं किंवा चौघं एका स्क्रीनवर खेळलात की गेम सेकंदाला ६० वरून ३० फ्रेमवर येतो, म्हणजे चित्र जरा कमी सुळसुळीत. नवख्यांना कळत पण नाही. उस्ताद मात्र दर हरलेल्या रेसला हेच कारण सांगणार, तयारी ठेवा.

माझ्याकडून पाचपैकी चार, एक कापला माणसागणिक वेगळा सीसी नाही म्हणून. मिश्र ग्रुप असेल तर डोळे झाकून घ्या, पण पहिल्याच दिवशी आयटमची यादी उघडून ब्लू शेल काढा. आणि हो, स्मार्ट स्टिअरिंग सुरुवातीला सगळ्यांचंच ऑन असतं, उस्तादाचंही, तर त्याला आठवण करू नका, गुलाबी ठिणग्या का येत नाहीत हे त्याचं त्याला शोधू द्या, तेवढे दिवस रेस बरोबरीची होते.