गिटारच्या बॉडीचा टवका: भरायचा, जोडायचा की घासून काढायचा?

इलेक्ट्रिक गिटार पुन्हा रंगवायला घेतली की जुना रंग उतरल्यावरच बॉडीची खरी अवस्था कळते. कडेचा टवका उडालेला, स्टँडवरून पडून शिंगाचं (बॉडीच्या पुढे आलेल्या टोकदार भागाचं) टोक गेलेलं, पट्टा अडकवायच्या बटणाचं भोक सैल झालेलं. अशा वेळी बहुतेक जण आधी दुरुस्ती उरकतात आणि रंगाचं मागाहून बघतात. मला हा क्रम उलटा वाटतो. वर कोणता रंग येणार हे ठरल्याशिवाय खाली काय भरायचं ते ठरत नाही.

त्याही आधी एक गोष्ट तपासा. लाकूड नुसतं दबलंय की तुटून गेलंय? रेषे तुटले नसतील तर तो पोचा आहे, आणि पोच्याला काहीच भरावं लागत नाही. उघड्या लाकडावर ओलं फडकं ठेवून इस्त्रीचं टोक काही क्षण टेकवलं की वाफेने रेषे फुगतात. दोनतीनदा केलं की बराचसा खड्डा वर येतो. रंग शिल्लक असेल तर मात्र वाफ आत शिरत नाही. पॉलिएस्टर रंगाचा जाड थर थिनरला दाद देत नाही, तो हीट गनने मऊ करून खरवडावा लागतो. नायट्रोसेल्युलोज हे लॅकर थिनरने विरघळतं.

आता खरोखर उडालेल्या टवक्याबद्दल. गाड्या रंगवणारे वापरतात ती दोन भाग मिसळून लावायची लांबी (पुट्टी) सर्वात झटपट. पंधरावीस मिनिटांत कडक होते, छान घासली जाते, फारशी आकसत नाही. गडद, अपारदर्शक रंगाखाली, सपाट भागावरच्या उथळ खड्ड्याला हीच पुरे. कडेला मात्र टिकत नाही. गिटार पुन्हा कुठे आपटली की तोच कोपरा ढलपीसारखा सुटतो. हार्डवेअरच्या दुकानात डबीत मिळणारं पाण्यातलं वुड फिलर मी मोठ्या खड्ड्याला घेतच नाही. ते वाळताना बसतं आणि चकचकीत रंगाखाली तिथली खोलगट जागा उजेडात लगेच दिसते.

अरल्डाइटसारख्या इपॉक्सीत त्याच लाकडाचा बारीक भुसा कालवला तर कडेलाही चांगली पकड मिळते. अडचण घासताना येते. बासवुड किंवा ऑल्डर ही बॉडीची लाकडं इपॉक्सीपेक्षा मऊ, त्यामुळे बोटांनी घासलं तर भोवतीचं लाकूड झिजतं आणि मध्ये उंचवटा उरतो. काचकागद कडक ठोकळ्याला गुंडाळूनच घासायचं. शिवाय भुसा घातलेला असला तरी इपॉक्सी लाकडासारखा स्टेन (लाकडात मुरणारा रंग) पीत नाही. पारदर्शक रंगाखाली तो डाग कायमचा.

म्हणून लाकडाच्या रेषा दिसणाऱ्या फिनिशसाठी लाकडाचा जोड हाच मार्ग. वेळ जातो, पण काम पक्कं होतं. तुटलेला वेडावाकडा भाग पटाशीने सपाट करायचा, त्याच जातीचा आणि रेषे त्याच दिशेला जाणारा, थोडा मोठा तुकडा घ्यायचा. एका बाजूला पेन्सिल घासून दोन्ही पृष्ठं दाबून पाहायची. शिसं जिथे उमटतं ती उंच जागा, तेवढीच तासायची. सगळीकडे सारखं उमटेपर्यंत हे चालतं आणि कंटाळा इथेच येतो. गोलाईवर क्लॅम्प घसरतो, तेव्हा फेविकॉल लावून मास्किंग टेप ताणून बांधायची आणि एक दिवस हात लावायचा नाही. मग कानस जोडाकडून बॉडीच्या आतल्या बाजूला चालवायची. बाहेर ओढली तर पातळ कड उचकटते. सागवान तेलकट, त्याला डिंक लावण्याआधी ॲसिटोनने पुसून घ्या.

सनबर्स्ट, म्हणजे मध्ये उजळ आणि कडेला गडद रंग, करणार असाल तर नशीबवान आहात. कडेचा गडद पट्टा अपारदर्शक मारला की कडेची कुठलीही दुरुस्ती त्याखाली झाकते, मधलं लाकूड तसंच दिसत राहतं.

चौथा मार्ग लोक विसरतात: काहीही न भरता लाकूड काढायचं. फेंडर कंपनीच्या टेलिकास्टर गिटारच्या कडेची गोलाई साधारण 3 मिमी, 1954 साली आलेल्या स्ट्रॅटोकास्टरची जवळजवळ 12 मिमी. टेलीची कड ठिकठिकाणी उडाली असेल तर राऊटरने सगळीकडे मोठी गोलाई फिरवली की निम्मे टवके आपोआप जातात, आणि वाजवताना हाताला कड टोचतही नाही. फक्त कंट्रोलच्या (आवाजाच्या नॉबच्या) पोकळीपाशी आणि केबल लावायच्या जॅकपाशी भिंत किती जाड उरते ते आधी मोजा. वरचं शिंग आखूड करू नका. पट्ट्याचं बटण मागे सरकलं की हेडस्टॉक (खुंट्यांचं टोक) खाली झुकायला लागतो.

जिथे ताण येतो तिथे मात्र निवडीचा प्रश्नच नाही, फक्त लाकूड. नेक (गिटारची मान) बसते ते खोबण, तारा टेकतात त्या ब्रिजचे स्क्रू, बटणाची भोकं, यांत लांबी किंवा फिलर घालू नका. सैल भोकात लाकडी खुंटी डिंकाने बसवून नव्याने भोक पाडा.

पावसाळ्यात, विशेषतः मुंबई-कोकणात, नायट्रोसेल्युलोज मारायचं टाळा. दमट हवेत थर पांढुरका पडतो. दोन भाग मिसळून मारायच्या टू-के रंगाला ही भीती कमी, पण त्यातले आयसोसायनेट छातीला घातक, साध्या कापडी मास्कवर भागत नाही.

आणि तडा नेकच्या खोबणीतून ब्रिजपर्यंत गेला असेल, किंवा बॉडी प्लायवूडची असून थर सुटले असतील, तर यातलं काहीच करू नका, नवी कच्ची बॉडी घ्या. पिकअप (तारांचा आवाज टिपणारे भाग) आणि नेक जुनेच चढतील. घेण्याआधी नेकच्या टाचेची रुंदी मोजा, फेंडरच्या मापात ती 56 मिमीच्या आसपास असते, आणि ब्रिज सहा स्क्रूंचा की दोन खांबांचा तेही पाहा.