गेम पास, पीएस प्लस की थेट खरेदी: बंद करायच्या दिवशी हातात काय उरतं?

भाच्यासाठी एका दिवाळीत मी गेमिंग सेवेचं वर्षभराचं सबस्क्रिप्शन घेतलं, माझ्या कार्डावरून. पुढे त्याची दहावी आली, मग अकरावीचे क्लास. कन्सोल टीव्हीखाली धूळ खात पडला. पुढच्या दिवाळीत पुन्हा वर्षाचे पैसे कापले गेले. बँकेचा मेसेज आदल्या दिवशी आला होता, पण फराळाच्या आणि कपड्यांच्या ऑफरींच्या गर्दीत मला तो दिसलाच नाही. रद्द करायला बसले तर एकामागून एक चार पानं. पहिल्या दोन पानांवर ‘तुम्ही काय काय गमवाल’ याची यादी, तिसऱ्यावर सवलत. ‘सुरू ठेवा’चं बटण प्रत्येक ठिकाणी मोठं आणि रंगीत, ‘रद्द करा’ मात्र खाली बारीक राखाडी अक्षरांत. परतावा मागितला, तर नियमात बसत नाही असं उत्तर आलं.

तेव्हापासून ‘गेम पास घेऊ की पीएस प्लस?’ असं कोणी विचारलं की मी गेमची संख्या मोजत बसत नाही. गेम पास ही मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्स कन्सोलची आणि पीएस प्लस ही सोनीच्या प्लेस्टेशनची वर्गणीची सेवा. शेकडो गेम दोन्हीकडे आहेत, आणि शाळा-कॉलेज करणाऱ्या मुलाला त्यातले दहा खेळून झाले तरी पुष्कळ. दर कसा वाढतो, बंद कसं करायचं आणि बंद केल्यावर काय शिल्लक राहतं, एवढं मी बघते.

आधी दर. एक्सबॉक्स गेम पासच्या ‘अल्टिमेट’ या सगळ्यांत वरच्या योजनेचा अमेरिकेतला महिन्याचा दर ऑक्टोबर २०२५ मध्ये १९.९९ डॉलरवरून एकदम २९.९९ डॉलर झाला. दीडपट. त्याच वेळी योजनांची नावं बदलली आणि कोणत्या योजनेत काय मिळणार तेही बदललं. सोनीने सप्टेंबर २०२३ मध्ये पीएस प्लसचे वार्षिक दर वाढवले. सगळ्यांत खालची योजना ‘इसेन्शियल’, तिचं वर्षाचं सबस्क्रिप्शन अमेरिकेत ५९.९९ डॉलरवरून ७९.९९ डॉलरवर गेलं. फरक असा की वर्षाचे पैसे भरलेल्यांना ती वाढ मुदत संपेपर्यंत लागली नाही. महिन्याच्या योजनेत वाढ लगेच अंगावर येते, पण पुढच्याच महिन्यात सोडूनही देता येतं. वर्षाच्या योजनेत दर टिकतो, पण कन्सोल कपाटात गेला तर उरलेले महिने पाण्यात. ज्या घरात यंदा दहावी-बारावी आहे तिथे वार्षिक घेऊच नये, कितीही स्वस्त पडत असलं तरी.

आता शिल्लक काय राहतं ते. गेम पास बंद केला की त्यातले सगळे गेम बंद. सबस्क्रिप्शन चालू असतानाही गेम यादीतून जातात. जीटीए फाइव्ह गेम पासमध्ये कितीदा आला आणि गेला ते खेळणाऱ्यांना पाठ आहे. अर्धी कथा झालेली असताना गेम निघून गेला तर दोनच वाटा राहतात, विकत घ्या नाहीतर सोडून द्या. पीएस प्लसमध्ये दोन प्रकार आहेत आणि लोक इथेच फसतात. दर महिन्याला मिळणारे ठरावीक गेम त्या महिन्यात आपल्या खात्यात घेतले, तर सबस्क्रिप्शन असेपर्यंत खेळता येतात. मध्ये खंड पडला तर कुलूप लागतं, पुन्हा पैसे भरले की उघडतं. ‘एक्स्ट्रा’ आणि त्यावरच्या योजनेतली मोठी यादी मात्र गेम पाससारखीच येती-जाती.

गेमइतकंच सेव्हचंही, म्हणजे गेम कुठवर खेळून झाला त्या साठवलेल्या नोंदीचंही बघा. मुलाने शंभर तास घालून जिथवर मजल मारलेली असते ती त्याची स्वतःची मेहनत. एक्सबॉक्सवर क्लाउड सेव्ह, म्हणजे ती नोंद कंपनीच्या सर्व्हरवर ठेवायची सोय, गेम पासशिवाय फुकट मिळते. पीएस फाइव्हवर त्यासाठी पीएस प्लस लागतं, आणि ते बंद झाल्यावर क्लाउडमधला डेटा सहा महिनेच ठेवला जातो. कन्सोलमधली प्रत राहते, पण कन्सोल बिघडला तर? माझ्या मते या एका मुद्द्यावर एक्सबॉक्स ग्राहकाच्या बाजूने सरळ उभा आहे.

‘मग विकतच घेतो, कटकट नको’ असं म्हणणाऱ्यांनी थोडं थांबावं. घर लीव्ह अँड लायसन्सवर घेतलेल्या माणसाला लायसन्स म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. राहायची परवानगी मिळते, मालकी नाही. डिजिटल गेमची खरेदीही तशीच असते. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२५ पासून कायदाच आहे की असं लायसन्स देताना नुसतं ‘खरेदी’ म्हणून विकायचं नाही, ग्राहकाला स्पष्ट सांगायचं. पीसी गेम विकणाऱ्या स्टीम या ऑनलाइन दुकानाने त्याआधीच पैसे भरायच्या पानावर तशी सूचना टाकली. युबिसॉफ्ट कंपनीचा ‘द क्रू’ हा २०१४ चा गेम. ३१ मार्च २०२४ ला त्याचे सर्व्हर बंद झाले आणि गेम एकट्याने खेळतानाही सर्व्हर लागत असल्यामुळे डिस्क घेतलेल्यांची डिस्कही निकामी झाली. त्यातून ‘स्टॉप किलिंग गेम्स’ ही मोहीम उभी राहिली आणि युरोपीय संघाकडच्या तिच्या मागणीवर दहा लाखांहून जास्त नागरिकांनी सह्या केल्या. पैसे मोजून घेतलेली वस्तू विकणाऱ्याने दुरून बंद करावी, हे मला कोणत्याच बाजाराच्या रीतीत बसणारं वाटत नाही.

तरी थेट खरेदीत ग्राहकाच्या हातात जास्त आहे. गुगलची इंटरनेटवरून गेम खेळायची स्टेडिया सेवा जानेवारी २०२३ मध्ये बंद झाली तेव्हा विकत घेतलेल्या गेमचे पैसे परत मिळाले, स्टेडिया प्रोच्या मासिक वर्गणीचे नाही. स्टीमवर १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असेल तर गेम परत करता येतो. प्लेस्टेशन स्टोअर डाउनलोड सुरू झाल्यावर सहसा परतावा देत नाही, म्हणजे चाखून बघायची सोय नाही. पीसीवाल्यांसाठी गॉग हे ऑनलाइन दुकान सगळ्यांत चोख आहे. इन्स्टॉलरची फाइल उतरवून हार्डडिस्कवर ठेवली की पुढे दुकान राहो न राहो, गेम चालतो. कन्सोलवर डिस्क घेतली तर खेळून झाल्यावर विकता येते, मित्राला देता येते. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर जुन्या डिस्कना अजून गिऱ्हाईक आहे. मात्र एक्सबॉक्स सिरीज एस आणि पीएस फाइव्हच्या डिजिटल एडिशनला डिस्कची खाचच नसते, म्हणजे हा निर्णय बराचसा कन्सोल घेतानाच होऊन जातो (पीएस फाइव्हच्या नव्या डिजिटल मॉडेललाच डिस्क ड्राइव्ह वेगळा घेऊन जोडता येतो). आणि ईए एफसीसारखा विकतचा फुटबॉलचा गेम कन्सोलवर मित्रांशी ऑनलाइन खेळायचा तर डिस्क असूनही सबस्क्रिप्शन लागतंच. पीसीवर स्टीम त्यासाठी वेगळे पैसे घेत नाही.

वापर नसताना वर्षानुवर्षं पैसे कापले जाण्याबद्दल ब्रिटनच्या स्पर्धा नियामकाने २०१९ मध्ये सोनी, मायक्रोसॉफ्ट आणि निन्टेंडोची चौकशी सुरू केली. सोनी आणि मायक्रोसॉफ्टने २०२२ मध्ये लेखी कबूल केलं की बराच काळ न खेळणाऱ्याला आपणहून कळवू, आणि तरी वापर झाला नाही तर पैसे घेणं थांबवू. ही हमी तिथल्या ग्राहकांपुरती आहे. तीच इथे का नसावी?

आपल्याकडे काहीच नाही असं मात्र नाही. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार आपोआप कापल्या जाणाऱ्या रकमेची सूचना किमान २४ तास आधी यायला हवी, आणि १५,००० रुपयांवरच्या रकमेला दर वेळी ओटीपी लागतो. गेमिंगची वर्गणी त्याखालीच असते, त्यामुळे ती गुपचूप जाते. तो आदल्या दिवशीचा मेसेज हीच काय ती संधी. बँकेच्या किंवा यूपीआयच्या ॲपमध्ये ऑटोपेचा मँडेट, म्हणजे आपोआप पैसे कापायला दिलेली परवानगी, रद्द करता येतो. डार्क पॅटर्न म्हणजे ग्राहकाला चकवणारी ॲप-वेबसाइटची रचना. त्याविषयीच्या केंद्राच्या नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक तत्त्वांत १३ प्रकार दिलेत आणि त्यात ‘सबस्क्रिप्शन ट्रॅप’ नावानिशी आहे. रद्द करायचा पर्याय लपवणं, ती वाट किचकट करणं, दोन्ही त्यात येतं. माझ्यासारखी चार पानं दिसली तर प्रत्येकाचा स्क्रीनशॉट काढा आणि १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. तिथे निभावलं नाही तर ई-जागृती या ग्राहक आयोगांच्या सरकारी पोर्टलवर ऑनलाइन दावा दाखल करता येतो. कंपनी कुठलीही असो, आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात जाता येतं आणि मोजलेली किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही.

सुट्टीत महिना-दोन महिने भरपूर वेगवेगळे गेम चाखायचे असतील तर गेम पास, पण मासिक. पीएस फाइव्ह आहे आणि मित्रांशी ऑनलाइन खेळायचंच आहे तर सगळ्यांत खालचं इसेन्शियल पुरतं. वर्षाला दोन-तीनच गेम खेळणाऱ्याने सबस्क्रिप्शनच्या नादी लागू नये. त्याने डिस्क घ्यावी, पीसी असेल तर गॉग किंवा स्टीमची सेल गाठावी. भाच्याची बारावी फेब्रुवारीत आहे. पेपर संपले की त्याला दोन महिन्यांचं घेऊन देणार आहे, गिफ्ट कार्डाने वॉलेट भरून. माझं कार्ड त्या खात्यावर आता नाही.