अॅक्सेस पॉइंटच्या नोंदी: यंत्रातच की सर्व्हरवर?
खानापूरसारख्या मुसळधार पावसाच्या तालुक्यात, जिथे वीज गेली की वायफायही बंद पडते, अॅक्सेस पॉइंटच्या (वायफाय पुरवणाऱ्या यंत्राच्या) लॉग नोंदी, म्हणजे काय घडले याची आपोआप होणारी टिपणे, यंत्रातच ठेवाव्यात की बेळगावच्या कार्यालयातील सिसलॉग सर्व्हरवर (अशा नोंदी जमा करणाऱ्या संगणकावर) पाठवाव्यात, हे आधीच ठरवावे. यंत्रातील नोंदींना वेगळी मांडणी लागत नाही; मात्र त्या बहुधा रॅममध्ये, म्हणजे तात्पुरत्या स्मृतीत, असल्याने वीज जाताच पुसल्या जातात आणि बिघाडाचे कारण सांगणारी ओळच हरवते. सर्व्हरसाठी त्याचा आयपी पत्ता (नेटवर्कवरील क्रमांक) व पोर्ट (माहिती स्वीकारणाऱ्या दाराचा क्रमांक), रूढपणे यूडीपी या पाठवण्याच्या पद्धतीचा ५१४, भरावा लागतो. यूडीपीत पोच मिळत नसल्याने एखादी नोंद वाटेत गळू शकते, तरीही मला हाच मार्ग भरवशाचा वाटतो. कोणत्या नोंदी पाठवायच्या हे ठरवणारी तीव्रतेची पातळी ४ निवडल्यास इशारे आणि त्याहून गंभीर नोंदी तेवढ्या येतात. घड्याळ मात्र दोन्हीकडे एनटीपीने (नेटवर्कवरून वेळ जुळवण्याच्या पद्धतीने) जुळवलेले हवेच.