लेख मागे घ्यायचाय? आधी पैसे भरा!

नगर जिल्ह्यातल्या जुन्या मराठी ख्रिस्ती मंडळ्यांवरचा माझा लेख सध्या इंटरनेटवर आहे आणि तो तिथून निघत नाही, हेच माझं दुखणं. 1842 मध्ये नगरहून सुरू झालेल्या ‘ज्ञानोदय’ या ख्रिस्ती नियतकालिकाचे जीर्ण अंक आणि मंडळ्यांच्या बाप्तिस्म्याच्या नोंदवह्या चाळून तो लिहिला होता. चर्चच्या इतिहासाला वाहिलेल्या एका जुन्या नियतकालिकाला पाठवायचा म्हणून नाव शोधलं, तर पहिलीच साइट त्याच नावाची. मुखपृष्ठ तेच, आयएसएसएन म्हणजे नियतकालिकाचा आंतरराष्ट्रीय ओळख-क्रमांकही तोच. प्रत्यक्षात ती नक्कल होती. मूळ नियतकालिक छापीलच निघतं, त्याला स्वतःची साइट नाही. नक्कल करणारे अशीच रिकामी जागा हेरतात.

लेख आठवड्याच्या आत ‘स्वीकृत’ झाला. परीक्षकांचा अभिप्राय तर जपून ठेवण्यासारखा आहे: ‘नमुना-संख्या वाढवावी, सांख्यिकी पद्धत स्पष्ट करावी.’ बाप्तिस्म्याच्या नोंदवहीला कसली आलीय नमुना-संख्या! पण प्राध्यापकपदाची मुलाखत तोंडावर होती. सहा हजार रुपये ‘प्रक्रिया शुल्क’ म्हणून मागितले, तेही कुणाच्या तरी खासगी यूपीआयवर, आणि मी भरले.

अंक आला तेव्हा तळटीपा मजकुरात घुसलेल्या आणि मराठी उताऱ्यांच्या जागी नुसते चौकोन. लेख काढून टाका म्हटलं, तर मागे घेण्याचं शुल्क दुप्पट! खरी मेख इथे आहे. एकदा प्रसिद्ध झालेला लेख दुसरं नियतकालिक सहसा घेत नाही, म्हणजे पैशांबरोबर कामही गेलं.

आयएसएसएन ही फक्त ओळख-संख्या आहे, दर्जाचा शिक्का नव्हे. ती आयएसएसएनच्या पोर्टलवर टाकून बघा. छापील आणि ऑनलाइन आवृत्तीला वेगवेगळे क्रमांक असतात. नक्कल करणारे छापील अंकाचाच क्रमांक साइटवर चिकटवतात. डीओआय (लेखाचा कायमचा ऑनलाइन ओळख-क्रमांक) दिला असेल तर तो डीओआयच्या मुख्य साइटवर उघडतो का, ते पाहा. ‘यूजीसी केअर यादीत समाविष्ट’ असं कुणी आजही मिरवत असेल तर ती मान्य नियतकालिकांची यादीच यूजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोगाने) 2025 मध्ये बंद केली आहे. संपादकांना त्यांच्या सेमिनरीच्या (ख्रिस्ती धर्मशिक्षण संस्थेच्या) दूरध्वनीवर गाठा, साइटवरच्या मोबाइलवर नको. आणि हस्तलिखित कसं मागतात त्यावर लक्ष ठेवा. परीक्षण खरोखर गुप्त असेल तर लेखातून तुमचं नाव, आभार, ‘माझ्या आधीच्या लेखात’ असले उल्लेख काढायला सांगतात. माझ्याकडे मात्र पहिल्या पानावर फोटो आणि मोबाइल नंबर मागितला होता!

सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे, पैशांचा अजून पत्ता नाही. मूळ नियतकालिकाच्या संपादकांनी सगळं ऐकून एकच विचारलं: हक्क हस्तांतराच्या कागदावर सही केली होती का? केली नव्हती. त्यामुळे ते लेखाचा विचार करायला तयार आहेत, पण नवीन साधनं घालून पुन्हा लिहिला तर, आणि झालेला प्रकार पहिल्या तळटीपेत नोंदवला तर.