स्टोन्सचं ‘हॅकनी डायमंड्स’: रेकॉर्ड घ्यावी का?

2005 नंतर रोलिंग स्टोन्स या ब्रिटिश रॉक बँडचा स्वतःच्या नव्या गाण्यांचा अल्बम आला तो थेट ऑक्टोबर 2023 मध्ये. धंदा लपवलेला नाहीच: एकच रेकॉर्ड कितीतरी रंगांत, गाणी मात्र तीच. साधी काळी घ्या.

निर्माता अँड्र्यू वॉट. आवाज चकचकीत, पहिल्या बाजूवर सगळंच पुढे येऊन ओरडतं. माल खरा दुसऱ्या बाजूला आहे. तिची सुरुवातीची दोन गाणी बँडचे ड्रमर चार्ली वॉट्सनी वाजवलेली, 2021 मध्ये वारण्याआधी. ठेका लगेच सैल, ऐसपैस होतो. त्यातल्या दुसऱ्या गाण्यात बँडचा जुना बास गिटारवादक बिल वायमनही आहे. पाहुणे गायक लेडी गागा आणि स्टीव्ही वंडर असलेलं सात मिनिटांचं गाणं नावं विकण्यासाठी वाटेल, पण तेच सगळ्यात जिवंत निघालंय.

अडचण अशी की साधारण 48 मिनिटं एकाच रेकॉर्डवर कोंबलीत आणि हे गाणं आलंय शेवटून दुसरं. रेकॉर्डच्या मध्याजवळच्या खाचांत सुई अडखळते, ‘स’ फाटतो. कार्ट्रिजची, म्हणजे सुई बसवलेल्या भागाची, अलाइनमेंट (खाचेशी सरळ बसणं) आधी तपासा. सुईचं रेकॉर्डवर पडणारं वजन कार्ट्रिजच्या कंपनीने दिलेल्या मर्यादेत, पण वरच्या टोकाकडे ठेवा.

परभणी-नांदेडकडे एप्रिल-मेमध्ये मागवूच नका. कुरिअरच्या पत्र्याच्या शेडमध्ये दोन दुपारी पडली की रेकॉर्ड वाकलीच म्हणून समजा. आल्याबरोबर फिरवून कड बघा, लाटेसारखी वरखाली झाली तर त्याच दिवशी परत करा. घरी उभीच ठेवा, गच्चीखालच्या खोलीत नको. नुसतं ऐकायचंच असेल तर सीडी बरी.