दोघांचीच सफारी: ओकावांगो, लुआंग्वा, मारा की नामिब?

केनियातल्या मारा नदीच्या काठावर आम्ही तीन तास थांबलो होतो. पलीकडे हजारो विल्डबीस्ट हरणं. पुढे यायचे, पाणी हुंगायचे, मागे फिरायचे. अलीकडे गाड्या. पहिला प्राणी पाण्यात उतरला आणि सगळी इंजिनं एकदम सुरू झाली. क्षणात आमच्या पुढे गाड्यांच्या तीन रांगा लागल्या. पुढची दहा मिनिटं मला दिसली ती मुख्यतः धूळ, आणि समोरच्या छपरांतून बाहेर आलेले कॅमेरे. दृश्य अद्भुतच होतं, पण नवं लग्न झालेल्या दोघांनी निवांत बसावं अशी ती जागा नव्हती.

तेव्हापासून कुणी 'हनिमूनला सफारी करायची आहे, पण गर्दी नको' म्हटलं की मी देशाचं नाव नंतर विचारते. आफ्रिकेत शांतता फुकट मिळत नाही. कुठे ती रोख पैशांत घ्यावी लागते, कुठे उन्हात भाजून, कुठे पायी चालून, तर कुठे दिवसभर स्वतः गाडी हाकून. तुम्हाला यातलं काय मोजायला परवडतं ते आधी ठरवा, देश आपोआप ठरतो.

त्याआधी एक भेद समजून घ्यायला हवा, कारण पुढची सगळी तुलना त्यावर उभी आहे. राष्ट्रीय उद्यानात तिकीट काढलेला कुणीही येतो. एखादा बिबट्या दिसला की गाइड वायरलेसवर एकमेकांना सांगतात आणि पंधरा मिनिटांत झाडाखाली जत्रा भरते. उद्यानाला लागूनच बऱ्याच ठिकाणी खासगी किंवा स्थानिक समाजाच्या ताब्यातली क्षेत्रं असतात. बोत्सवानात त्यांना कन्सेशन म्हणतात, केनियात कन्झर्व्हन्सी. तिथे फक्त तिथल्या कॅम्पांचे पाहुणे फिरू शकतात. प्राण्यांना या हद्दी माहीत नसतात, ते दोन्हीकडे असतात. त्यामुळे 'मारात राहिलो' या दोन शब्दांत दोन अगदी वेगळे अनुभव मावतात.

डेल्टा की दरी

शांततेच्या खऱ्या स्पर्धेत माझ्या मते दोनच नावं आहेत: बोत्सवानाचा ओकावांगो डेल्टा आणि झांबियाची साउथ लुआंग्वा दरी.

ओकावांगो नदी समुद्राला मिळतच नाही. अंगोलाच्या उंच भागात पावसाळ्यात पडलेलं पाणी सपाट वाळूवरून सरकत डेल्टात पोचायला काही महिने घेतं. त्यामुळे तिथला पूर जून ते ऑगस्टमध्ये असतो, म्हणजे आकाशात ढगाचा ठिपका नसताना. २०१४ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीतलं हजारावं ठिकाण म्हणून हाच डेल्टा नोंदला गेला. बोत्सवाना सरकारचं धोरण बऱ्याच काळापासून थोडे पाहुणे आणि चढे दर असं आहे. एकेका कन्सेशनमध्ये हजारो हेक्टर जमीन आणि मोजके कॅम्प, तेही प्रत्येकी पाच-दहा तंबूंचे. दिवसभरात दुसरी गाडी दिसलीच तर ती आपल्याच कॅम्पची.

डेल्टाची खरी गंमत मोकोरोत आहे. मोकोरो म्हणजे अरुंद, उथळ होडी. पूर्वी ती झाडाचा बुंधा कोरून करत, आता झाडं वाचावीत म्हणून फायबरग्लासच्या जास्त दिसतात. मागे उभा असलेला माणूस नगाशी नावाच्या लांब काठीने ती ढकलतो. तुम्ही पाण्याच्या इतके जवळ बसता की कमळाची पानं कोपराला लागतात. मग तो हलकेच काठी थांबवतो आणि लव्हाळ्याच्या काडीकडे बोट दाखवतो. तिथे नखाएवढा, रंगीत पट्ट्यांचा बेडूक चिकटलेला असतो. पुढचा अर्धा तास ऐकू येतं ते काठीचं पाणी निथळणं. दोघांनी काही न बोलता एकत्र बसायला इतकी चांगली जागा मला दुसरी माहीत नाही.

याची किंमत मात्र जबर. कोरड्या हंगामात खासगी कन्सेशनमध्ये माणशी एका रात्रीला हजार डॉलरच्या खाली चांगला कॅम्प मिळणं कठीण, आणि नावाजलेल्या कॅम्पांत आकडा दोन हजारांच्याही वर जातो. खाणंपिणं, फेऱ्या, गाइड सगळं त्यात धरलेलं असतं, पण आकडा तो आकडाच. शिवाय पूर भरात असताना पाण्यातल्या काही कॅम्पांत गाडीला फिरायला जमीनच उरत नाही. फक्त होडीवर चार दिवस काढले आणि सिंह दिसला नाही अशी तक्रार करणारे भेटतात. त्यांनी दोन रात्री पाण्यात आणि दोन रात्री कोरड्या भागात असे वाटून घ्यायला हवे होते.

लुआंग्वात पैशांपेक्षा पाय जास्त मोजावे लागतात. पायी सफारीची पद्धत इथेच रुजली. नॉर्मन कार यांनी १९५० च्या दशकात ती सुरू केली आणि आजही या दरीची ओळख तीच आहे. सकाळी अंधार असतानाच तंबूबाहेरून हाक येते. शेकोटीवर भाजलेला पाव आणि चहा, आणि उजाडताच एका रांगेत निघायचं. पुढे बंदूकधारी वनरक्षक, त्याच्यामागे गाइड, मग तुम्ही, आणि शेवटी चहाची पिशवी घेतलेला माणूस. वाटेत बैलगाडीच्या चाकोरीसारख्या दोन समांतर खोलगट रेषा दिसतात, मध्ये गवताचा उंचवटा. ती पाणघोड्यांची वाट. रात्रभर चरून तो नदीकडे परततो तेव्हा डावे पाय एका चाकोरीत, उजवे दुसरीत. गाडीतून ही वाट दिसत नाही आणि दिसली तरी तिचं काही वाटत नाही. पायी असताना मात्र 'तो आता परत गेला असेल ना?' हा प्रश्न मनात येतो आणि आपण नकळत एकमेकांचा हात धरतो.

इथल्या दरीत आत, झुडुपांमध्ये बांधलेले कॅम्प तीन-पाच झोपड्यांचे असतात. गवत, बांबू आणि कापडाचे. पावसाळ्यात रस्तेच बंद होतात, म्हणून बहुतेक कॅम्प साधारण नोव्हेंबरात मोडतात आणि मे-जूनमध्ये नव्याने उभे राहतात. चकचकीतपणा डेल्टापेक्षा कमी आणि दरही कमी. आणखी एक जमेची बाजू: साउथ लुआंग्वा राष्ट्रीय उद्यान असूनही तिथे रात्रीच्या फेऱ्यांना परवानगी आहे, आणि बिबट्यासाठी ही दरी प्रसिद्ध आहे. बोत्सवानाच्या मोरेमी किंवा चोबे उद्यानात अंधार पडल्यावर फिरता येत नाही, त्यासाठी कन्सेशनच गाठावं लागतं.

दोन्हींत माझं पारडं लुआंग्वाकडे झुकतं, पण दोन अटींवर. दोघांनाही तीन-चार तास चालायची हौस हवी, आणि ऑक्टोबर टाळायला हवा. नदी आटलेली असते, उरलेल्या पाण्यावर प्राण्यांची रीघ लागते, काठाच्या भिंतीत लालभडक कार्माइन बी-ईटर पक्ष्यांच्या वसाहती असतात, हे सगळं खरं. पण पारा चाळीसच्या वर जातो. तंबूत वातानुकूलन नाही, दुपार सरता सरत नाही, आणि तापलेल्या माणसांचे रुसवेफुगवे लवकर होतात. जून-जुलै घ्या. गवत थोडं उंच असेल, प्राणी शोधावे लागतील, पण पहाटे एका पांघरुणात बसावंसं वाटेल अशी थंडी असते.

मारा सोडायचाच का?

नाही. केनियातल्या मसाई मारा राखीव क्षेत्राच्या उत्तरेला नाबोइशो, ओलारे मोतोरोगी, मारा नॉर्थ अशा कन्झर्व्हन्सी आहेत. जमीन मसाई कुटुंबांची. ती पर्यटनासाठी भाड्याने दिलेली आणि किती एकरांमागे किती तंबू हे प्रमाण ठरवलेलं. एका प्राण्याभोवती साधारण पाचच गाड्या थांबू शकतात. बाकीच्यांनी लांब उभं राहून पाळी यायची वाट पाहायची. रस्ता सोडून गाडी नेता येते, रात्री फिरता येतं, मसाई गाइडबरोबर पायीही जाता येतं. यातलं बरंच काही मुख्य राखीव क्षेत्रात चालत नाही.

ज्यांना भरपूर सिंह-चित्ते पाहायचे आहेत, चार दिवसच हाताशी आहेत आणि लांबलचक विमानप्रवास साखळीने करायचा नाही, त्यांनी हा पर्याय धरावा. नैरोबीच्या विल्सन विमानतळावरून छोटं विमान तासाभरात मारातल्या धावपट्टीवर उतरवतं. नदी ओलांडणारे कळप पाहायचेच असतील तर एक दिवस मुख्य क्षेत्रात जाऊन यायचं. त्याचं शुल्क वेगळं. २०२४ पासून परदेशी प्रौढाला जुलै ते डिसेंबर दिवसाला २०० डॉलर, जानेवारी ते जून १०० डॉलर. आधी सांगितलेला आमचा तीन तासांचा मुक्काम याच भागातला. एक दिवस तो सोसायला हरकत नाही, कारण संध्याकाळी परत आपल्या कुरणात यायचं असतं. मी तर जानेवारी-फेब्रुवारी सुचवेन. स्थलांतर करणारे कळप तेव्हा दक्षिणेला, टांझानियातल्या सेरेंगेटीकडे असतात, त्यामुळे पर्यटकही तिकडे पांगतात. इथले सिंह कुठेही जात नाहीत.

आणि जिथे प्राणी दुय्यम आहेत

नामिबिया या यादीत वेगळाच. सव्वाआठ लाख चौरस किलोमीटरचा देश आणि माणसं सुमारे तीस लाख. इथे शांतता विकत घ्यावी लागत नाही, ती अंगावर येते. जोडपी बहुतेक स्वतः गाडी चालवतात. डावीकडून. पण रस्ते खडीचे, अंतरं शेकडो किलोमीटरची, पेट्रोलपंप दिसला की टाकी भरून घ्यायची आणि अंधार पडायच्या आत मुक्कामी पोचायचं. टायर फाटला तर तो बदलायचा कुणी? हे लग्नाआधीच बोलून ठेवलेलं बरं.

नामिबरँड हे दक्षिणेत नामिब वाळवंटातलं खासगी अभयारण्य दोन हजार चौरस किलोमीटरहून मोठं आहे आणि २०१२ पासून आंतरराष्ट्रीय काळोखी आकाश क्षेत्र म्हणून मान्यता पावलेलं आहे. काही लॉजमध्ये बिछाना रात्री उघड्यावर आणून देतात. आकाशगंगा इतकी ठसठशीत दिसते की पहिल्यांदा ती ढग वाटते. इथे हत्ती-सिंहांची अपेक्षा नको. ओरिक्स आणि स्प्रिंगबॉक ही हरणं, वाळू आणि वारा. मोठे प्राणी हवेत तर उत्तरेला एतोशा उद्यानात पाणवठ्याशी गाडी लावून बसायचं. तिथे गर्दी असते, पण प्रत्येक जण आपापल्या गाडीत. नामिबमधल्या सोसुसव्लेईच्या लाल वाळूच्या टेकड्यांवर सूर्योदयाला मात्र रांग लागते. दुपारी तीननंतर जा.

दक्षिण टांझानियाचंही नाव घ्यायला हवं. रुआहा उद्यान आणि २०१९ मध्ये सेलूस राखीव क्षेत्राच्या उत्तर भागातून वेगळं काढलेलं न्येरेरे उद्यान, दोन्ही प्रचंड आणि सेरेंगेटीच्या मानाने रिकामी. न्येरेरेतल्या रुफिजी नदीत बोटीने फिरता येतं आणि शेवटी झांझिबारचा समुद्र जोडता येतो. सफारी आणि किनारा दोन्ही हवे असतील तर हीच जोडी सोयीची. उत्तर टांझानियातलं न्गोरोंगोरोचं विवर कितीही देखणं असलं तरी शांततेच्या हिशेबात ते बसत नाही.

एक गोष्ट तब्येतीची. डेल्टा, लुआंग्वा, मारा, रुआहा या सगळीकडे हिवतापाचा धोका आहे. लवकरच मूल हवं असा विचार असेल तर गोळ्यांबद्दल डॉक्टरांशी आधी बोला, कारण सगळ्या गोळ्या गरोदरपणात चालत नाहीत. तशा वेळी दक्षिण आफ्रिकेतली मादिक्वे किंवा त्स्वालू ही हिवतापमुक्त अभयारण्यं, किंवा नामिबियाचा दक्षिण भाग, हे सरळ उत्तर. आणि केनियाहून दक्षिण आफ्रिकेत किंवा तत्सम देशात उतरणार असाल तर पीतज्वराच्या लसीचा दाखला मागतात. लस प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी घ्यावी लागते.

थोडक्यात सांगायचं तर हात सैल सोडायची तयारी असेल तर डेल्टा, चालायची हौस असेल तर लुआंग्वा, वेळ कमी असेल तर माराची कन्झर्व्हन्सी. माणसांचा खरोखरच कंटाळा आला असेल तर नामिब. दोन देश एका आठवड्यात कोंबू नका. प्रत्येक बदलीत अर्धा दिवस धावपट्टीवर जातो आणि छोट्या विमानात सामान माणशी पंधरा-वीस किलो, तेही मऊ बॅगेतच चालतं.

नोंदणी करताना मात्र खरा प्रश्न वेगळाच असतो, आणि तो बहुतेक जण विचारतच नाहीत: आमच्या जीपमध्ये आणखी कोण? बाहेर एकही गाडी नसली तरी तुमच्याच गाडीत आणखी चार अनोळखी माणसं असतात, आणि त्यातला एक जण प्रत्येक पक्ष्यापाशी वीस मिनिटं थांबवतो. स्वतंत्र गाडीचे पैसे वेगळे पडतात. खोलीचा दर्जा एक पायरी खाली आणा, पण हे पैसे भरा. दुसरं, लहान कॅम्पांत सगळे पाहुणे एकाच लांब टेबलावर जेवतात. कुणाला ते आवडतं. तुम्हाला नको असेल तर दोघांचं टेबल आधीच मागून ठेवा. पलंग जोडलेले दोन आहेत की एकच, हेही विचारा. आणि रांगेतला शेवटचा तंबू मागा, कापडाच्या भिंतींतून शेजारचा खोकलाही ऐकू येतो.

शेवटचा तंबू जेवणाच्या जागेपासून सर्वांत लांब असतो. कुंपण नसतं, म्हणून रात्री तिथपर्यंत बॅटरी घेऊन पोचवायला एक माणूस येतो. वाटेत रानम्हैस उभी असली तर तो थांबतो, बॅटरी खाली करतो, आधी तिला जाऊ देतो आणि मगच तुम्हाला.